अण्णांचा हमिंगबर्ड

नातवाला नुकतं वाचता यायला लागलंय. दिसेल ते वाचतो. बिस्किटाचा पुडा, गाडीची नंबरप्लेट, माझ्या गोळ्यांचं पाकीट. एका सकाळी पक्ष्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन त्यानं एका चित्राखाली बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, "अण्णाज हमिंगबर्ड!" मग माझ्याकडे वळून, "आजोबा, हा तुमचा?"

मुलगा मला अण्णा म्हणतो, सूनही अण्णाच म्हणते. आणि इंग्रजीत 'अ‍ॅना' काय नि 'अण्णा' काय, अक्षरं तीच. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या घरात तो पक्षी माझ्या नावावर चढला, सातबाऱ्यावर जमीन चढावी तसा. "अण्णा, तुमचा आलाय बघा," अशी स्वयंपाकघरातून हाक यायची आणि मी चहा तसाच टाकून मागच्या दारी पळायचो.

खरी अ‍ॅना फ्रान्समधली. रिव्होलीची डचेस अ‍ॅना मासेना. तिच्या नवऱ्याला पक्षी जमवायचा नाद, म्हणजे मेलेले, पेंढा भरलेले. १८२९ साली रने लेसों या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं या पक्ष्याला तिचं नाव दिलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा हा जीव तिनं जिवंत पाहिला असेल असं मला वाटत नाही. मी पाहिला. तेव्हा हक्क कोणाचा जास्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माझा धंदा फोटोचा. साताऱ्यात मोती चौकाजवळ ३५ वर्षं स्टुडिओ चालवला. आता पुतण्या बघतो. पासपोर्ट, शाळांचे ग्रुप, बारशी आणि मुख्य म्हणजे लग्नं. म्हणजे मी उजेड बनवणारा माणूस. स्टुडिओत दोन छत्र्या, मांडवात माझ्या हातात फ्लॅश आणि मागे एक पोरगा सनगनचा प्रखर दिवा धरून उभा. आधी उजेड तयार करायचा, मग माणसाला आणून त्यात उभं करायचं. मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, डोळे इकडे, आता हलायचं नाही. सूर्याशी माझं कधी जमलंच नाही. लग्नात ऊन म्हणजे कटकट. मांडवाच्या रंगीत कापडातून झिरपायचं आणि नवरीच्या गालावर हिरवे-लाल पट्टे उमटवायचं. ते मारायला फ्लॅश लागायचाच.

असा माणूस ऑक्टोबरात मुलाकडे सहा महिने राहायला गेला. मुलानं हौसेनं घेतलेला मिररलेस कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी १००-४०० ची लेन्स कपाटात धूळ खात होती. हौशी लोकांच्या कपाटात काय काय पडून असतं, हे बघून आमच्यासारख्या हप्त्यानं याशिका कॅमेरा घेतलेल्या माणसाच्या पोटात कालवतं. मी धूळ पुसली. सोबत फ्लॅशही होताच, तो चढवला आणि परसदारी गेलो.

परसदार म्हणजे लाकडी कुंपणाच्या आत चार-पाच गुंठे नव्हे, जेमतेम एक. कुंपणाला लागून मेक्सिकन साल्व्हियाची जांभळी, मखमली तुऱ्यांची रांग, कोपऱ्यात कोरफडीचं मोठं बेट, मध्ये पानगळ झालेलं आलुबुखाराचं झाड. साल्व्हियावर तो आला. आधी दिसला नाहीच, ऐकू आला. भोवरा कानाजवळून जावा तसा घुंई आवाज. बोटाएवढा पक्षी. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत धरून दहाएक सेंटिमीटर आणि वजन चार-साडेचार ग्रॅम. चहात घालायच्या चमचाभर साखरेएवढा. मी फ्लॅश मारला.

फोटो बघितला आणि लाज वाटली. सकाळचे दहा वाजलेले, आणि फोटोत मागे मिट्ट काळोख. पक्षी टाचणीनं टोचल्यासारखा थिजलेला, डोळ्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका. मांडवातल्या फोटोत नवरदेवाचे काका दिसतात ना, जेवताना अचानक कॅमेऱ्यात सापडलेले, तसा.

मुलानं समजूत घातली. "अण्णा, एका फ्लॅशचं काम नाही ते," म्हणत त्यानं व्हिडिओ दाखवला. कोस्टा रिका, इक्वेडोर अशा ठिकाणी पक्ष्यांचे फोटोवाले एकाच फुलाभोवती पाच-सहा फ्लॅश लावतात. फुलात साखरपाणी भरतात. मागे धूसर हिरव्या झाडीचं छापील चित्र टांगतात, म्हणजे पार्श्वभूमी काळी येत नाही. पक्षी आला की सगळे फ्लॅश एकदम, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. पंखाचं पीस न् पीस मोजून घ्या.

मी हसतच सुटलो. माझ्या स्टुडिओत मागच्या भिंतीला दल सरोवराचा रंगवलेला पडदा होता. मेढ्याहून, कोरेगावहून आलेली नवी जोडपी त्यातल्या शिकारा होडीसमोर उभी राहून दहा मिनिटांत काश्मीर करून यायची. हा त्याच पडद्याचा अमेरिकेतला भाऊ! नावं ठेवत नाही. तो पडदा माझं पोट भरत होता, आणि या पक्ष्याच्या पंखांचं गणित माणसाला उलगडलं त्यात फ्लॅशचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी आपल्या स्ट्रोबच्या, म्हणजे अतिवेगवान फ्लॅशच्या, लखलखाटात हमिंगबर्ड टिपले होते. पुढे ड्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी कंपनी सांभाळून वर्षानुवर्षं हाच उद्योग केला. एवढ्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष पक्ष्यामागे फ्लॅश घेऊन फिरतो, हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल आपुलकीच वाटली. पण म्हटलं, पडदा टांगून ३५ वर्षं झाली. आता नको.

फ्लॅश कपाटात गेला आणि मी फुलासमोर स्टूल टाकून बसलो. इथून पुढे मला काहीही येत नव्हतं.

पहिला घोळ मानेचा. पुस्तकात नराचं डोकं आणि गळा झगझगीत गुलाबी, जवळजवळ राणी कलर. माझ्या फोटोत काळा. नुसता काळा, तव्याच्या बुडासारखा. मला वाटलं, हा वेगळाच पक्षी असेल. मग त्यानं फुलावरून मान जरा वळवली आणि निखाऱ्यावर फुंकर मारावी तसा गळा पेटला, आणि परत विझला.

नंतर वाचून काढलं. त्या पिसांत गुलाबी रंग नाहीच. मेलॅनिनच्या, म्हणजे आपले केस काळे ठेवणाऱ्या द्रव्याच्या, अतिसूक्ष्म चपट्या चकत्या थरावर थर लावून बसलेल्या असतात आणि त्यांच्यात हवा अडकलेली असते. या थरांवरून उजेड परत फिरतो तेव्हा एका विशिष्ट कोनातच गुलाबी दिसतो. पेट्रोल पंपावरच्या डबक्यातला तेलाचा तवंग आठवा. बायकोनं लगेच पैठणीचा धूपछाव पदर काढला. पण त्यात निदान दोन रंगांचे धागे खरोखर असतात. इथे तेही नाहीत. इथे रंग म्हणजे सूर्य कुठे, पक्षी कुठे आणि मी कुठे, एवढंच.

याचा अर्थ धंद्याच्या भाषेत असा, की गिऱ्हाइकाला हलवता येत नाही, दिवा हलवता येत नाही, तेव्हा फोटोग्राफरनं उठावं आणि स्टूल हलवावं. साधी गोष्ट. मला समजायला दोन आठवडे लागले, कारण आयुष्यात हलायचं काम मी कायम दुसऱ्याला सांगितलेलं.

मग मी वही घातली, स्टुडिओच्या रजिस्टरसारखी. उन्हाची वेळ, फूल, बाजू, शेरा. ऊन कोरफडीच्या बेटावर पावणेनऊला पोचतं. सव्वादहाला शेजारच्या घराची सावली पडते. डिसेंबरात तिकडचा सूर्य भर बारा वाजतासुद्धा तीसेक अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडे त्याच दिवसांत तो जवळजवळ पन्नास अंशांवर असतो. त्यामुळे दिवसभर तिरपं, लांब सावल्यांचं ऊन. आपल्याकडे सकाळी साडेसातला मिळून आठ वाजता संपून जातो तो उजेड तिथे तासन् तास उभा. एवढा चांगला उजेड फुकट पडलेला बघून जीव हळहळायचा.

डिसेंबर सरता सरता कोरफडीला केशरी-लाल दांडे आले आणि माझं नशीब उघडलं. साल्व्हियाची फुलं आडवी. पक्षी समोरून चोच घालतो, आणि फुलाची जी बाजू आपल्याकडे, तिथे तो आला की आपल्याला मिळते पाठ. पाठ हिरवी, सुंदर आहे, पण पाठ ती पाठच. कोरफडीच्या नळ्या मात्र खाली झुकलेल्या असतात. त्यातला मध प्यायचा तर त्याला खालून येऊन चोच वर करावी लागते, आणि चोच वर केली की गळा आपोआप पुढे येतो. "हनुवटी वर" म्हणून सांगायची गरजच नाही, फुलानंच सांगितलं. सूर्य माझ्या डाव्या खांद्यामागे, कोरफड दहा फुटांवर, आणि तिच्या मागे शेजाऱ्यांच्या सुरूसारख्या झाडाची गडद सावली. पडदा न टांगता पडदा.

पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवायचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला. ते लग्नानं शिकवलेलं. अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर फोकस करायला वेळ नसतो. भटजी "सावधान" म्हणायच्या आधीच अंतरपाटाच्या काठावर फोकस लावून ठेवायचा आणि श्वास धरून उभं राहायचं. अक्षता एकदाच पडतात. "परत टाका" म्हणता येत नाही. इथे अंतरपाटाच्या जागी फूल. जे फूल तो पुढच्या खेपेला घेणार त्यावर फोकस, आणि मग थांबा. तो दर बारा-पंधरा मिनिटांनी यायचा, त्याच फांदीवरून, त्याच बाजूनं. मध परत भरेपर्यंत आलुबुखाराच्या शेंड्यावर बसून राखण करायचा. दुसरा नर आला की अंगावर धावून जायचा. मान डावीकडे, मान उजवीकडे. गळा पेटतोय, विझतोय, पेटतोय. तालुक्याच्या नाक्यावर लावलेला दिवा जणू.

तीन मीटरवर ४०० ची लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ५.६, अशा वेळी जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा धारदार येतो. त्याची नुसती चोचच तेवढी लांब. डोळा धारदार आला की चोचीचं टोक गेलं, चोच आली की डोळा गेला. दोन्ही हवे असतील तर तो अगदी आडवा मिळायला हवा. त्यात पंख सेकंदाला चाळीसेक वेळा हलतात. शटर सेकंदाच्या १/३२०० भागापुरतंच उघडलं तरी पंखाचं टोक तीनेक मिलिमीटर सरकून जातं. शटरचा वेग अजून वाढवावा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावी लागते आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. आणखी एक खोच म्हणजे गळा पेटतो त्या क्षणी लाल रंग फाटतो, सपाट डाग होतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप कमी ठेवावं लागतं. मग बाकीचा पक्षी काळवंडतो. म्हणजे कशाचं तरी नुकसान सोसायचंच. मी पंख सोडून दिले. पंख जरा पुसट असलेले मला आवडतात, खरं सांगायचं तर. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तसे ते पंखही फटकाऱ्याच्या टोकाला थांबून उलटतात. तिथे सापडले तर स्पष्ट येतात, नाही तर धुकं. धुकंच खरं आहे. आपल्या डोळ्याला तेच दिसतं.

मुलाचा आग्रह बर्स्टचा. बोट दाबून धरा, सेकंदाला वीस फोटो. मी बाणेदारपणे सांगितलं, "मी बारा फोटोंच्या रोलवर लग्नं काढलीत. दिवसाला ३६ फोटो, एक जास्त नाही." हे तत्त्व चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी बर्स्ट लावला, आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही, हे त्यांचे उपकार.

शेजारच्या बागेत गुरुवारी एक मेक्सिकन माळीबुवा यायचे. एकदा कुंपणावरून माझा अवतार बघून हसले आणि पक्ष्याकडे बोट करून म्हणाले, "चुपारोसा." म्हणजे गुलाब चोखणारा. मी म्हटलं, आमच्याकडे याच्यासारखाच असतो, शिंजीर. "शिनहीर," ते म्हणाले. "चुपारोझा," मी म्हटलं. दोघांनीही एकमेकांचा पक्षी बिघडवला आणि खूश होऊन कामाला लागलो.

शिंजिरावरून आठवलं. मी पहिला बरा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा साताऱ्याहून लगेच तिघांची उत्तरं: आमच्या कर्दळीवर रोज येतो हा. नाही येत. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आपल्याकडे येतो तो शिंजीर. हवेत क्षणभर तरंगतो, पण एरवी फांदीला लटकून मध पितो. गंमत पुढे आहे. ती कर्दळ मूळची अमेरिकेतली, नावात 'इंडिका' असून. सोसायटीच्या गेटाशी लावतात तो नारिंगी नळ्यांचा हॅमेलियाही तिकडचाच, आणि त्या नळ्या हमिंगबर्डच्या चोचीसाठी घडलेल्या. सातासमुद्रापार येऊन त्या फुलांनी शिंजिराशी घरोबा केला. इकडे कॅलिफोर्नियात कोरफड आफ्रिकेची, आणि तिच्यावर आमचा हा. बागा लावणाऱ्यांनी जगभर सोयरिकी जुळवून ठेवल्यात. या पक्ष्याला तर त्या चांगल्याच मानवल्या. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याखालच्या बाहा द्वीपकल्पाच्या उत्तर भागापुरतं त्याचं राज्य होतं. बागांतली परदेशी फुलं, निलगिरी आणि साखरपाण्याच्या बाटल्यांच्या जोरावर तो आता पार कॅनडापर्यंत घरटी करतो.

साखरपाण्याची एक बाटली सुनेनंही टांगली होती. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही. बायको म्हणायची, एकतारी तरी कर गं. बाटलीवर तो निवांत बसून पितो, हवा तसा फोटो देतो. पण तो फोटो मला सार्वजनिक नळावर पाणी पिणाऱ्या माणसाचा वाटतो. मी तिकडे पाठ करून बसायचो.

एका गार सकाळी तो शेंड्यावर कापसाच्या बोळ्यासारखा फुगून बसलेला. थंड रात्री हे पक्षी अंगातली ऊब उतरवून जवळजवळ बंद पडतात, नाही तर सकाळपर्यंत शिदोरी पुरायची नाही. मीही कानटोपी घालून फुगूनच बसलो होतो. त्याच वेळी बायको लाल स्वेटर घालून माझा चहा घेऊन बाहेर आली. तो सरळ तिच्यासमोर येऊन हवेत थांबला. तोंडापासून हातभर अंतरावर. स्वेटरची लाल गुंडी बघितली, वरची, मग खालची, आणि गेला. माझी लेन्स एवढ्या जवळचं पकडतच नाही. "अहो, मिळाला का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मला मिळाला," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

जानेवारीच्या शेवटी त्याचे खेळ सुरू झाले. सरळ वर, वर, ३०-४० मीटर उंच, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. आणि तिथून दगडासारखा खाली. अगदी तळाशी 'चीप!' असा एक खणखणीत आवाज, आणि परत वर. हा आवाज गळ्यातून येतो की आणखी कुठून, यावर बराच वाद होता. २००८ मध्ये जवळच्याच बर्कली विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ या दोघांनी दाखवून दिलं, की तो शेपटीच्या कडेच्या पिसांतून वाऱ्यामुळे निघतो. वरून खाली सूर मारतो तो साल्व्हियात बसलेल्या मादीसाठी. करड्या-हिरव्या, गळ्यावर दोन-चार लाल ठिपके असलेल्या त्या बाई ढिम्म बसून असतात.

त्या सुराचा फोटो काढायचा विचारही मी केला नाही. पण वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसलो. विल्यम हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलंय, की हा नर कसाही सूर मारत नाही. सूर्य बघून दिशा धरतो. खाली येताना गळ्यावर ऊन पडावं आणि तिथून उलटलेला गुलाबी उजेड नेमका मादीच्या डोळ्यांत जावा, अशी. म्हणजे स्टूल कुठे टाकावं हे शिकायला मला दोन आठवडे लागले, आणि साडेचार ग्रॅमचा हा गडी दिवा, मॉडेल आणि गिऱ्हाईक यांचा कोन साधत ताशी कितीतरी मैलांनी खाली येतोय. मी ३५ वर्षं लोकांना "मान वळवा" सांगत आलो. याला कोणी सांगितलं?

मार्चच्या शेवटी परत आलो. साडेचार हजारांतले अकरा फोटो ठेवले, बाकी पुसले. अकरातले दोन मोठे करून आणले आणि पुतण्याला सांगून स्टुडिओत पासपोर्टच्या नमुन्यांशेजारी एकाच फ्रेममध्ये लावले. तीच कोरफड, तीच नळी, एकाच बर्स्टमधले लागोपाठचे दोन; मधे सेकंदाचा विसावा भाग. एकात गळा काळा, दुसऱ्यात पेटलेला. प्रिंट कसंही तिरपं केलं तरी कागदावरचा रंग हलत नाही ना, म्हणून दोन लावावे लागले.

परवा पुतण्या जेवायला गेला होता म्हणून मी काउंटरवर बसलो. एक गृहस्थ आले, पासपोर्टसाठी. केस नीट करता करता फ्रेमकडे बघत राहिले.

"जोडी छान आहे," म्हणाले. "काळी ती मादी का?"

"नाही हो, एकच आहे तो. मान वळवली त्यानं," मी म्हटलं. "बसा. हनुवटी जरा खाली घ्या."